रेड लाइट आणि हायपरबेरिक ऑक्सिजन एकत्र द्यायचं तर: क्रम, डोस, आणि पॅनेल चेंबरच्या आत न्यायचं का?

घोडबंदर_फिजिओ

नमस्कार मंडळी. कासारवडवलीला फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. ६६० आणि ८५० नॅनोमीटरचं रेड लाइट पॅनेल आधीपासून वापरात आहे. आता हायपरबेरिक ऑक्सिजनसाठी, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन द्यायला, एक विक्रेता १.३ एटीए (बाहेरच्या हवेच्या १.३ पट) दाबाचं, झिपवालं मऊ चेंबर आणि १० लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असा संच गळ्यात मारायला बघतोय. त्याचं म्हणणं, दोन्ही एकत्र दिलं की मायटोकॉन्ड्रियाला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाला) दुप्पट फायदा. वेळ वाचवायला पॅनेलच आत टांगा, नाहीतर पेशंटला बॅटरीवाला एलईडी मास्क घालून आत झोपवा, असंही सुचवतोय.

पेशंट बहुतेक गुडघेदुखीचे, काही खेळाडू, आणि दोन-तीन मधुमेही, ज्यांच्या पायाची जखम भरत नाहीये.

विचारायचंय ते असं. आधी लाइट की आधी ऑक्सिजन, आणि मध्ये किती वेळ सोडायचा? पॅनेल आत नेणं किंवा बाहेरून खिडकीतून प्रकाश सोडणं चालतं का? पॅनेलच्या माहितीपत्रकात १५ सेंटिमीटरवर १०० मिलिवॉट प्रति चौरस सेंमी लिहिलंय. १० मिनिटांचे दर चौरस सेंमीला ६० ज्यूल होतात, हे जास्त नाही का? आणि कुठल्या पेशंटला सरळ नाही म्हणायचं?

चेंबर_ऑपरेटर_वाशी

पॅनेल आत न्यायचं नाही. मास्कही नाही. यात "काळजी घेतली तर चालेल" असली पळवाट नाही, म्हणून बाकीच्याआधी हे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याचं प्रमाण वाढलं की कापूस, केस, फोम, त्वचेवरचं तेल, सगळं छोट्या ठिणगीवर पेट घेतं आणि भराभर जळतं. दाब उतरल्याशिवाय चेंबर उघडत नाही, तेवढा वेळ आगीत मिळत नाही. ३१ ऑक्टोबर १९९७ ला मिलानमधल्या रुग्णालयात मोठ्या चेंबरला आग लागून ११ जण गेले. कारण निघालं एका पेशंटने आत नेलेलं हात शेकायचं छोटं उपकरण. ३१ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात ५ वर्षांचा मुलगा चेंबरच्या आगीत गेला.

तुमचं पॅनेल उघडून बघा. आत एसएमपीएस (वीजपुरवठ्याचं सर्किट), कपॅसिटर, पंखा, स्विचचे संपर्क, २३० व्होल्टची वायर. स्विच चालू-बंद होताना संपर्कांमध्ये ठिणगी पडतेच. बाहेरच्या हवेत ती कुणाला कळतही नाही. मास्कमध्ये लिथियम सेल असतो, आणि तो एकदा तापून सुटला की कुणी थांबवू शकत नाही.

आता विक्रेता म्हणेल, "मऊ चेंबरमध्ये साधी हवाच असते, ऑक्सिजन फक्त मास्कमधून." मग हिशोब करा. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. कॉन्सन्ट्रेटर देतो १० लिटर, ९३ टक्क्यांचा, म्हणजे ९.३ लिटर शुद्ध. उरलेले ९ लिटर उच्छ्वासातून आणि मास्कच्या कडांतून पिशवीतच येतात. कंप्रेसर समजा मिनिटाला ७० लिटर हवा ढकलतोय, तर आतलं प्रमाण हळूहळू ३० टक्क्यांच्या जवळ जाऊन थांबतं. अनेक माणसांच्या, हवेने भरलेल्या मोठ्या चेंबरसाठी सर्वसाधारणपणे पाळली जाणारी मर्यादा २३.५ टक्के आहे. १० लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरसोबत ती पाळायची तर हवा मिनिटाला २७० लिटरच्या आसपास लागेल. विक्रेत्याला कंप्रेसरचा आकडा विचारा, लिटरमध्ये, चेंबरच्या दाबाला मोजलेला. "पुरेसा आहे" हे उत्तर घेऊ नका.

ऑक्सिजन मीटर ठेवाल तेव्हा एक गंमत लक्षात घ्या. हे सेन्सर टक्केवारी मोजत नाहीत, आंशिक दाब, म्हणजे हवेच्या दाबातला ऑक्सिजनचा वाटा, मोजतात. मीटर आत ठेवला तर १.३ एटीएला साधी हवाही २७ दाखवते आणि लोक घाबरतात. उलट कुणी "दाबामुळे जास्तच दाखवतो" म्हणून खरा धोक्याचा आकडाही सोडून देतो. आतल्या हवेचा नमुना बारीक नळीने बाहेर काढून बाहेरच्या दाबाला मोजा, म्हणजे वाद राहत नाही.

खिडकीतून प्रकाश सोडण्याचं: अॅक्रिलिकमधून ६६० आणि ८५० दोन्ही बऱ्यापैकी आरपार जातात, म्हणून कल्पना सुचते. पण कडक चेंबरचं अॅक्रिलिक हे दाब पेलणारं अंग आहे. त्याला पॅनेल चिकटवून तास-तास गरम करायचं नाही, आणि निर्मात्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याच्या अंगाला काहीही टेकवायचं नाही. गोलाई आणि अंतर यामुळे आत नक्की किती प्रकाश पोचला हेही सांगता येत नाही. जाता जाता: अॅक्रिलिक सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसू नका, बारीक जाळीदार तडे पडतात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं, बस.

बायोमेड_नेरुळ

आगीचं वर आलंच आहे, मी डोसबद्दल लिहितो.

माहितीपत्रकातला १०० चा आकडा बहुतेक वेळा सोलर पॉवर मीटरने काढलेला असतो. तो मीटर सूर्याच्या पूर्ण वर्णपटासाठी कॅलिब्रेट केलेला असतो, आणि त्यातला सिलिकॉन सेन्सर लाल आणि इन्फ्रारेडला जास्त प्रतिसाद देतो. म्हणून नुसत्या लाल पॅनेलसमोर धरला की आकडा फुगतो, बरेचदा दुपटीच्या घरात.

नीट मोजायचं तर ज्यात तरंगलांबी निवडता येते असा ऑप्टिकल पॉवर मीटर घ्या. पॅनेल १० मिनिटं चालू ठेवा, कारण लाल एलईडी तापली की तिचा प्रकाश उतरतो. मे महिन्यात एसी बंद असेल तर अजून उतरेल. खोलीतले दिवे बंद करून मीटर शून्यावर आणा. आधी फक्त ६६० ची रांग चालू, मीटर ६६० वर. मग फक्त ८५० ची, मीटर ८५० वर. दोन्ही एकदम मोजलं की आकड्याला अर्थ राहत नाही. सेन्सरचं तोंड ९.५ मिलिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ०.७१ चौरस सेंमी. समजा ६६० ला १६ मिलिवॉट आले आणि ८५० ला १९, तर भागून साडेबावीस आणि सत्तावीस, मिळून ४९-५० मिलिवॉट प्रति चौरस सेंमी. म्हणजे तुमच्या १० मिनिटांचे ६० नाही, ३० ज्यूल झाले. ६ ज्यूल द्यायचे तर २ मिनिटं पुरतात.

हे मधोमध. कडेला घ्याल तर निम्मंही येऊ शकतं. पॅनेलसमोर जमिनीवर आणि गादीवर चिकटपट्टीने खुणा करा, त्या चौकटीतच गुडघा आला पाहिजे. अंतर बदललं तर वर्गाच्या व्यस्ताचं सूत्र (अंतर दुप्पट, तर प्रकाश चौथाई) लावू नका, ते बिंदूएवढ्या दिव्याला लागतं. एवढ्या जवळून एवढं रुंद पॅनेल तसं वागत नाही. प्रत्येक अंतराला पुन्हा मोजायचं.

६० ज्यूल जास्त आहेत का? हो, बहुतेक कामांना. प्रकाशाच्या डोसचा आलेख चढतो आणि मग उतरतो: कमी दिला तर काही होत नाही, फार दिला तर फायदा पुसला जातो. गुडघ्याच्या संधिवाताच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ७८५ ते ८६० नॅनोमीटरला दर बिंदूला ४ ते ८ ज्यूल, आणि ९०४ ला १ ते ३ ज्यूल, इथे वेदना कमी झालेली दिसते. पण हे सगळं लेझर प्रोबचं, त्वचेला टेकवून. टेकवल्यावर परावर्तन कमी होतं आणि दाबाने रक्त बाजूला सरून प्रकाश खोल जातो. हातभर अंतरावरच्या पॅनेलला तेच आकडे जसेच्या तसे लावले की फसगत. आणि "दर बिंदूला ज्यूल" आणि "दर चौरस सेंमीला ज्यूल" ही दोन वेगळी मापं आहेत. विक्रेते ती सर्रास मिसळतात, दुर्दैवाने काही फिजिओसुद्धा.

तुम्हाला सुरुवात सुचवायची तर: गुडघा, ६ ज्यूल प्रति चौरस सेंमी, आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. वेदनेचा आकडा पहिल्या दिवशी आणि शेवटी लिहून ठेवा. फरक नाही तर डोस तिप्पट करण्यापेक्षा थांबा.

आपल्याकडची गव्हाळ-सावळी त्वचा ६६० जास्त शोषते, ८५० त्या मानाने कमी. चेहऱ्यावर वांग असेल तर चेहरा झाकाच, उष्णतेने वांग वाढतात. डोळ्यांना त्या तरंगलांबीचा गॉगल. ८५० डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून पेशंट बिनधास्त बघत बसतात.

क्रमाचं विचाराल तर मी आधी लाइट म्हणेन. रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात, मग ऑक्सिजन.

जखम_आणि_पट्टी_पनवेल

क्रमाबद्दल माझं मत उलटं आहे, पण त्याआधी मूळ गोष्ट. या दोन उपचारांची जोडगोळी एकेकट्या उपचारापेक्षा सरस आहे असं दाखवणाऱ्या, माणसांवरच्या मोठ्या नियंत्रित चाचण्या नाहीत. "दुप्पट फायदा" हे मायटोकॉन्ड्रियाची आकृती समोर ठेवून काढलेलं अनुमान आहे. लाल प्रकाश सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमवर काम करतो असं मानतात, आणि तिथे ऑक्सिजन लागतो, हे खरं. पण निरोगी पेशीत ऑक्सिजन तिथे आधीच पुरेसा असतो. शिवाय दोन्ही उपचार थोडासा ऑक्सिडेटिव्ह ताण देऊन काम करतात, आणि दोन थोडे ताण एकत्र आले की ते थोडेच राहतील असं कुणी सांगितलंय? त्यामुळे प्रत्येक उपचार त्याच्या स्वतःच्या कारणासाठी द्या, एकत्र म्हणून नको.

आता १.३ चं गणित. १.३ एटीएला साधी हवा म्हणजे समुद्रसपाटीला २७ टक्के ऑक्सिजन घेण्याइतकं. तेवढा तर साध्या नाकातल्या नळीतून, मिनिटाला दोन लिटरवर मिळतो. वैद्यकीय अर्थाने हायपरबेरिक म्हणायचं तर दाब किमान १.४ एटीए आणि जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन. जखमांसाठी प्रत्यक्षात २ ते २.४ एटीए, ९० मिनिटं, मध्ये पाच-पाच मिनिटं साध्या हवेची विश्रांती, आठवड्यातून पाच दिवस, २० ते ४० सत्रं. त्या दाबाला रक्तातल्या पाण्यातच इतका ऑक्सिजन विरघळतो की हिमोग्लोबिनवरचा भार हलका होतो: ३ एटीएला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे ६ मिलिलिटर, एरवी ०.३. मऊ चेंबर या शिडीच्या खालच्या पायरीवरही पोचत नाही. या पिशव्यांचा मूळ वापर उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठीचा.

मधुमेही पायाची जखम तुमच्या चेंबरची केस नाही, कृपा करून. आधी पायातलं रक्ताभिसरण तपासा, म्हणजे घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर आणि शक्य असेल तर त्वचेवरून ऑक्सिजन. हाडापर्यंत संसर्ग आहे का ते बघा, मेलेली कातडी काढा, पायावरचा भार काढा. हे न करता ऑक्सिजन दिला तर पैसे जातात आणि बोटही जातं. हायपरबेरिकचा विचार वॅगनर ग्रेड ३ (मधुमेही पायाच्या जखमांच्या प्रतवारीत खोल, संसर्ग झालेली जखम) आणि त्यापुढच्या जखमांत, नेहमीच्या उपचाराने महिनाभरात हालचाल नसेल तेव्हा, आणि तोही रुग्णालयातल्या कडक चेंबरमध्ये.

तिथे ऑक्सिजन आणि प्रकाश दोन्ही द्यायचे ठरलेच तर मी आधी ऑक्सिजन, मग लाइट देते. कारण साधं आहे. चेंबरमध्ये पॅराफिन गॉज, तेलकट मलम, जेल काही चालत नाही, म्हणून जखमेवर फक्त सलाईनने ओला केलेला सुती गॉज घालून पाठवायचं. बाहेर आल्यावर पट्टी उघडायचीच असते. तेव्हा बेटाडीन आणि सिल्व्हरचं मलम सलाईनने पूर्ण धुवा. तपकिरी किंवा पांढरा थर राहिला तर प्रकाश तिथेच अडतो. मग २ ते ४ ज्यूल प्रति चौरस सेंमी, जखमेला न टेकवता, आणि नंतर ताजी पट्टी. एकदाच उघडणं, एकदाच बांधणं. आधी लाइट दिला तर पट्टी दोनदा सोडावी लागते, आणि घाम-जेल पुसायचं राहून पेशंट तसाच चेंबरमध्ये जाण्याची भीती. मध्ये अमुक तासच हवेत असा सिद्ध झालेला आकडा नाही. मी पेशंटचे कान आणि साखर बघण्यापुरता वेळ घेते. बायोमेड सरांनी सांगितलेला रक्तवाहिन्यांचा मुद्दा कागदावर बरा आहे, पण ऑक्सिजनच रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि सूज उतरवतो, त्यामुळे तो टिकेल का, शंका आहे.

नाही कुणाला म्हणायचं: उपचार न झालेला न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती छातीत हवा साचणं), हा पूर्ण नकार. ब्लिओमायसिन घेतलेला कॅन्सरचा पेशंट, फुफ्फुसात हवेचे फुगे असलेला दमेकरी, डोळ्यात गॅस भरून नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, आवरात नसलेले झटके, ताप: हे डॉक्टरच्या लेखी मताशिवाय नाहीत. सर्दी-सायनस असेल तर त्या दिवशी सुट्टी; पावसाळ्यात हे रोजचं. पेसमेकर असेल तर निर्मात्याची दाबमर्यादा मागवा. मधुमेही असेल तर आत जाण्याआधी साखर मोजा, सत्रात ती उतरते. १२० च्या खाली असेल तर आधी खायला द्या. इन्सुलिन पंप बाहेर. बरीच सत्रं झाली की चष्म्याचा नंबर तात्पुरता मायनसकडे सरकतो, नवीन चष्मा लगेच बनवू नका असं आधीच सांगा. लाइटसाठी वेगळं: पॉरफिरिया (प्रकाश सहन न होणारा रक्तघटकाचा आजार), प्रकाशाने त्रास वाढवणारी औषधं, आणि ट्यूमरच्या थेट वर नाही.

घोडबंदर_फिजिओ

ताई, दादा, सर, मनापासून आभार. मधुमेही पेशंट पाठवून देतो रुग्णालयात. पण विक्रेत्याने इस्रायलचा एक अभ्यास दाखवलाय, टेलोमेअर (गुणसूत्रांची टोकं, वयाबरोबर आखूड होणारी) २० टक्क्यांनी वाढले म्हणून. त्याचं काय? आणि खेळाडूंना, तंदुरुस्त माणसांना १.३ द्यायचंच ठरवलं तर जागेत काय बघायचं? आमच्याकडे वीज जाते, सोसायटीचा डीजी सेट क्लिनिकच्या मागेच आहे.

जखम_आणि_पट्टी_पनवेल

२०२० चा तो अभ्यास ३५ ज्येष्ठांवरचा. २ एटीए, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, ९० मिनिटं, दर २० मिनिटांनी ५ मिनिटं हवा, एकूण ६० सत्रं. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि मोजणी रक्तातल्या पेशींची होती. तो खरा धरला तरी तुमच्या १.३ च्या पिशवीला त्यातलं काही लागू होत नाही. विक्रेत्याला फक्त एवढं विचारा की अभ्यासातला दाब किती होता.

आणि फलकावर "मधुमेह, कॅन्सर बरा" वगैरे छापू नका. १९५४ च्या औषधं आणि चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यात त्या आजारांच्या जाहिरातीच निषिद्ध आहेत. वैद्यकीय उपकरण म्हणून विकत असेल तर २०१७ च्या नियमांखालचा परवाना क्रमांक बिलावर मागा.

चेंबर_ऑपरेटर_वाशी

डीजी सेट मागे असेल तर कंप्रेसरचं हवा ओढणारं तोंड तिथे अजिबात नको. धूर आत गेला की कार्बन मोनॉक्साइड दाबाखाली आणखी चढतो. तोंड गच्चीकडे किंवा समोरच्या बाजूला, फिल्टर लावून. डीजी चालू असताना आतली हवा सीओ मीटरने मोजा, १० पीपीएमच्या आत हवी. कंप्रेसर तेलविरहित असावा. तो खोलीत ठेवू नका, तापलेली हवा आत जाते आणि पेशंट घामाघूम होतो. पाइपवर कूलर लावा.

वीज गेली की कंप्रेसर बंद, आतली हवा ताजी होत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. "येईल लाइट दोन मिनिटांत" करत बसायचं नाही. हाताचा व्हॉल्व्ह उघडा, दाब हळू उतरवा, झिप उघडा. कंप्रेसरला इन्व्हर्टर असला तरी हेच, इन्व्हर्टर फक्त दाब बेतानं उतरवायला वेळ देतो. दाब उतरताना पेशंटने श्वास रोखायचा नाही, बोलत राहायला सांगा. झिप आतूनही उघडते ना आणि आतला व्हॉल्व्ह पेशंटला सापडतो ना, हे पहिल्या सत्राआधी त्याच्याकडून करून घ्या. बाहेर माणूस कायम, मोबाइलवर नाही.

दाब चढवताना मिनिटाला एक पीएसआयपेक्षा (पाउंड प्रति चौरस इंच) घाई नको. १.३ म्हणजे एकूण साडेचारच्या आसपास, म्हणजे चार-पाच मिनिटं. कान बंद झाले की थांबा, थोडा उतरवा, नाक धरून गिळायला सांगा, मग पुढे. कान दुखत असताना जोर लावून चढवलं तर पडद्यामागे रक्त साचतं.

आत जाताना सुती कपडे, बाकी सगळं बाहेर: मोबाइल, स्मार्ट घड्याळ, श्रवणयंत्र, लायटर, केसांचं खोबरेल तेल, बाम, अत्तर, ताजं नेलपॉलिश, नायलॉन-पॉलिएस्टर. तेल लावून आलेल्या पेशंटला परत पाठवा, रुमालाने पुसून भागत नाही.

पुढे कधी कडक, एका माणसाचं, पूर्ण ऑक्सिजनने भरणारं चेंबर घ्यायचा विचार आला तर आधी सिलिंडरचा हिशोब करा. मिनिटाला २५० लिटर, ९० मिनिटं, म्हणजे साडेबावीस हजार लिटर. सात घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सात हजार. एका सत्राला तीन सिलिंडर रिकामे आणि चौथा सुरू. त्यांच्या साठवणीचा परवाना, अग्निशमन विभागाची ना हरकत, आणि वरच्या मजल्यावरच्या सोसायटीची मान्यता, हे सगळं घोडबंदरच्या निवासी इमारतीतल्या गाळ्यात जमेल असं वाटत नाही. जुनं आयात केलेलं चेंबर स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी आलं तर अॅक्रिलिकवरची तारीख वाचा. त्याचं डिझाइन आयुष्य साधारण १० वर्षांचं धरतात.

बायोमेड_नेरुळ

क्रमाचं ताईंचं म्हणणं पटलं, पट्टी एकदाच सोडायची हे माझ्या डोक्यात नव्हतं. गुडघ्याला पट्टी नसते, त्यामुळे तिथे लाइट वेगळ्या दिवशी ठेवला तरी चालेल. मग कुठल्या उपचाराने फरक पडला तेही कळेल.

पॅनेलची धूळ आठवड्याला कोरड्या ब्रशने काढा, मागच्या पंख्याची जाळीही. तिथे धूळ साचली की एलईडी तापते आणि डोस उतरतो. दर तीन महिन्यांनी आधी मोजलेल्या त्याच बिंदूंवर, मधोमध आणि कडेला, पुन्हा मोजून वहीत लिहा.